जयवंतरावांचा बिबट्या

बडोद्यात तरसालीच्या बसमध्ये कंडक्टरनं नव्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी प्रतापसिंहांच्या हातात दोन तिकिटं ठेवली. एक त्यांचं, एक बंदुकीचं. "लगेज," तो म्हणाला. मग दोन्ही नळ्यांकडे नजर गेली तसा आवाज खाली आणत म्हणाला, "रहेवा दो काका, तमारी मरजी."

साल सत्त्याण्णव. मकरपुऱ्याच्या ज्या कारखान्यात प्रतापसिंहांनी तेवीस वर्षं स्टोअर सांभाळलं, तो नव्या वाऱ्यात उडून गेला. मालकानं सगळ्यांना हार घातले, पेढे वाटले आणि गेटला कुलूप लावलं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी प्रतापसिंहांपाशी जगाला हवीशी वाटेल अशी एकच वस्तू उरली, ती म्हणजे वडिलांची बाराबोरची दुनळी बंदूक. वडील जयवंतराव, घरातले आबासाहेब, गायकवाडी फौजेत होते. ते गेल्यावर परवाना मुलाच्या नावावर झाला, तोही दसऱ्याची शस्त्रपूजा चुकू नये एवढ्यासाठी.

सिक्युरिटी एजन्सीवाल्यानं विचारलं, "चालवता येते?"

प्रतापसिंहांनी खरं सांगितलं. "नाही."

"उत्तम. ज्यांना येते ते चालवतात." आणि त्यानं त्यांना वासणा रोडवरच्या नव्या, काचेच्या दाराच्या बँकेत उभं केलं.

उघडी बंदूक घेऊन चालणाऱ्या माणसाशी काय बोलावं हे लोकांना ठाऊक नसतं. त्यामुळे ते काहीही बोलतात. एका बाईंनी त्यांना स्टॉपवरून ओढत गच्चीवर नेलं. तिथं तीन माकडं पापड खात बसली होती. "बस, बिवडावो," बाई म्हणाल्या. नुसतं घाबरवा. प्रतापसिंहांनी बंदूक दाखवली. माकडांनी बघितली आणि पुढचा पापड उचलला. आणखी एकदा अकोट्याला ते एका लग्नाच्या वरघोड्यात सापडले. बँडवाल्यांना वाटलं हे वधूकडचे, वरातीला वाटलं हे बँडवाले. नवऱ्याच्या मामानं त्यांना मधे घेऊन अर्धा तास नाचवलं आणि शेवटी रागावून विचारलं, "फोडता केम नथी?" बार का काढत नाही. काडतुसं बँकेच्या तिजोरीत असतात, हे वरातीत ओरडून सांगणं त्यांना बरं वाटेना.

रस्त्यावर ही गंमत, तर बँकेत वेगळीच तऱ्हा. दार उघडून आत आलेला माणूस बंदूक बघून जागीच थिजायचा. एक पेन्शनर आजोबा तर न मागताच घड्याळ काढून द्यायला लागले. ब्रँच मॅनेजर लक्ष्मीकांत हा बडोद्याचाच, जुन्या सरकारी कारकुनांच्या घरातला. त्यानं प्रतापसिंहांना केबिनमध्ये बोलावलं.

"सरदार, जरा हसत चला."

प्रतापसिंह हसू लागले. त्या आठवड्यात दोन बायका दारातूनच परत गेल्या. बंदूकवाला गंभीर असला तर तो नोकरी करतो असं वाटतं. हसायला लागला की त्याच्या मनात काय आहे कोण जाणे.

वाचवलं ते एका चिमुरडीनं. आईच्या पदराआडून तिनं विचारलं, "काका, आनाथी कोने मार्यो?" म्हणजे हिनं कोणाला मारलं. प्रतापसिंह घरात सांगतात तसं सहज बोलून गेले, "बिबट्याला. दीपडो, दीपडो."

ही गोष्ट घरातली देवघराइतकी जुनी. सेहेचाळीस सालचा फाल्गुन, डभोईच्या पुढे ओरसंग नदीची कोतरं, म्हणजे घळी, शिकारीचा हाकारा आणि आबासाहेबांचा एकच बार. त्याबद्दल त्यांना दरबारातून शेला-पागोटं मिळालं होतं. दसऱ्याला बंदुकीला झेंडू वाहून झाला की ही गोष्ट व्हायची. आबासाहेब स्वतः कधी सांगत नसत, पाहुणे सांगत. ते फक्त पाट सोडून आत निघून जात. त्याला सगळे विनय म्हणत.

बँकेत गोष्टीचं सोनं झालं. लोक भ्यायचे थांबले. पासबुक भरायला आलेली माणसं रांग मोडून दाराशी उभी राहू लागली. बिबट्या घरात साडेपाच फुटी होता. दिवाळीपर्यंत तो आठ फुटांवर गेला. रिक्षावाले आता पत्ता सांगताना म्हणायचे, "पेली दीपडावाळी बँक." लक्ष्मीकांत खूश. "तुमच्या लोकांनी मारायचं आणि आमच्या लोकांनी लिहून ठेवायचं, हे बडोद्याचं पूर्वापार आहे," तो म्हणाला. "पण एक ध्यानात ठेवा सरदार. मी बंदूक नाही कामावर ठेवली. बिबट्या ठेवलाय."

डिसेंबरात तो म्हातारा आला.

साठीचा असावा. धोतर, वर कोणाचा तरी जुना कोट. त्याचं बँकेत काहीच काम नव्हतं. तो दाराजवळच्या खुर्चीवर बसला, गोष्ट पहिल्यापासून ऐकली, आणि बाकीचे पांगल्यावर विचारलं, "साल कोणतं म्हणालात?" मांडवीला एका दक्षिणी, म्हणजे मराठी, साहेबाच्या घरी तीस वर्षं काम केलं होतं, त्यामुळे मराठी बरी होती.

"सेहेचाळीस."

"फागण महिना."

"हो. फाल्गुन."

तो मान हलवून गेला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच खुर्ची. "छर्रे किती लागले?"

हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. प्रतापसिंह म्हणाले, "पाच-सहा."

"सात नाही?"

"सात असतील."

तिसऱ्या दिवशी म्हातारा म्हणाला, "चामडं असेल घरी."

"कसर लागली त्याला. फार वर्षं झाली."

"हा. लागते कसर." थोडा वेळ तो बंदुकीच्या दस्त्याकडे बघत राहिला. दस्त्याला एका ठिकाणी तडा होता आणि त्यावर तांब्याची तार गुंडाळलेली होती. "त्याच्या डोक्यावर काय होतं?"

"कोणाच्या?"

"दीपड्याच्या."

प्रतापसिंह हसले. म्हातारा हसला नाही.

त्यानंतर गोष्टीचं काहीतरी बिघडलं. तोंडपाठ असलेली वाक्यं ऐन वेळी वळायला लागली. एकदा शाळेच्या पोरांना सांगता सांगता प्रतापसिंह म्हणाले, "आणि बिबट्या झुडपातून उठला, दोन पायांवर उभा राहिला..." पोरं फिदीफिदी हसली. प्रतापसिंहांच्या मानेवर काटा आला, कारण ते शब्द आपण जुळवले नाहीत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आपल्याला तो दिसला होता. खांदे वर करून, हात पुढे धरून, काहीतरी सांगायला उठलेला.

वासणा रोडवर एक झाड नाही, सगळ्या नव्या सोसायट्या. तरी स्टॉपवर जाताना त्यांच्या मागून वाळक्या पानांवर कोणीतरी चालल्यासारखं वाजायचं. ते थांबले की थांबायचं. भर दुपारी, स्कूटरच्या गोंगाटात. त्यांनी बंदूक डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर घेऊन पाहिली. पानं उजवीकडे आली.

"पायात काय घालता हल्ली?" एकदा लक्ष्मीकांतनं विचारलं. "सारखे खाली बघताय."

गुरुवारी म्हाताऱ्यानं आपण होऊन सांगितलं. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. उलट एखाद्याची हरवलेली छत्री परत द्यायला आल्यासारखा तो अवघडला होता.

"माझं नाव गोविंद. शनाभाईचा मुलगा. बापा हाकाऱ्यात होता, थाळी वाजवायला. आम्हाला सांगितलं दीपड्याने मारला. मी अकरा वर्षाचा. आईनं बापाला नाहू घातलं तेव्हा मी पाणी ओतत होतो. पाठीत सात भोकं होती, गोल." त्यानं आपली करंगळी वर करून टोक दाखवलं. "दीपड्याला दात किती असतात ते मी तेव्हापासून मोजतोय साहेब."

प्रतापसिंहांना वाटलं, कोणीतरी आत यावं. कोणीही. पण नेमकी जेवणाची वेळ होती.

"आमच्या आबासाहेबांनी बिबट्या मारला," ते म्हणाले. "पागोटं आहे घरी."

"असेल ने. मला भांडण करायचं नथी. पन्नास वर्षं झाली, कोनाशी भांडू? ही तार गामातल्या लुहारानं बांधली होती, त्या दिवशी ही पडली तेव्हा दस्ता फाटला म्हणून. त्यावरून वळखली." गोविंदभाई उठला. "माझी एक बेन आहे, जशीबेन नाव. ती तेव्हा पोटात होती. तिला बापाची एक पण वात, एक पण गोष्ट माहीत नाही, मला पण मरणाची नाही. शनिवारी तिला घेऊन येतो. तुम्ही येवढं छान सांगता. तिला सांगा. जे झालं ते सांगा."

घरी त्यांच्या आई मथुराबाई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. एकाहत्तर वर्षांच्या, पण शेंग फोडली की दाणा नेमका परातीतच पडायचा. प्रतापसिंहांनी बंदूक खुंटीला लावली आणि कपडेही न बदलता समोर बसले.

"आईसाहेब, त्या बिबट्याचं चामडं खरंच कसर लागून गेलं?"

मथुराबाईंचे हात थांबले नाहीत. "माणसाचं चामडं कोण काढतं रे."

परातीत दाणे पडत राहिले. स्वयंपाकघरात बायकोनं, संयोगितेनं, गॅस बारीक केलेला ऐकू आला.

"झुडूप हललं, ह्यांनी बार काढला," मथुराबाई सांगू लागल्या. "तो गडी होता. थाळी हातातनं पडलेली म्हणून वाजली नाही. बरोबरचे मोठे लोक घाबरले. कागदावर लिहिलं, बिबट्यानं मारला. झालं, मिटलं, असं वाटलं. तर पंधरा दिवसांनी वरून पत्र आलं. माणूस मारणारा बिबट्या मोकळा कसा, त्याचा बंदोबस्त करा. आता जो नाहीच त्याचा बंदोबस्त काय करणार? मग लिहून दिलं, मारला. कोणी मारला? तर ज्याचं काडतूस कमी झालं होतं त्यानं. वर्षानं शेला-पागोटं आलं."

"म्हणजे आबासाहेबांनी माणूस मारला, आणि त्या माणसाला मारलं म्हणून ज्याला मारलं..."

"नको जास्त खोलात शिरू. ते शिरले होते. पागोटं घालून घरी आले आणि ओसरीवर बसून रडले. मला वाटलं, आनंदानं. मी वीस वर्षांची. मी शेजारी साखर वाटून आले."

"आणि तुम्ही इतकी वर्षं गप्प बसलात?"

"मग काय पाहुण्यांना सांगू? तुझी सोयरीक त्या बिबट्यावर जमली."

"माझ्या बाबांना दहा फुटी सांगितला होता," आतून संयोगिता म्हणाली. तिच्या आवाजात चेष्टा होती की नव्हती, हे प्रतापसिंहांना कळलं नाही.

मथुराबाईंनी एक किडकी शेंग बाजूला टाकली. "तो लगेच नाही गेला. ह्यांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. त्याला वाटत होतं पाठीवर जनावरानंच झेप घेतली. तो ह्यांनाच विचारत होता, साहेब, दीपडो गयो? बिबट्या गेला का? हे म्हणाले, गेला. मग त्यानं डोळे मिटले. तो बिबट्या कागदावर नंतर आला, प्रताप. आधी त्यानंच आणला."

शुक्रवार प्रतापसिंहांनी पानांच्या आवाजात काढला.

शनिवारी बँक फुग्यांनी सजली होती. बालखात्यांचा मेळावा होता. चाळीसेक पोरं, त्यांच्या आया, प्रत्येकाला बिबट्याच्या आकाराचा बचतीचा डबा. कारागिरानं बिबट्या कधी पाहिला नसावा, डब्यांना गाईचे कान होते. हेड ऑफिसातून एक बडे साहेब आले होते.

लक्ष्मीकांतनं प्रतापसिंहांना बाजूला घेतलं. "आज नऊ फुटी पाहिजे, सरदार. साहेबांना रंगली तर तुम्हाला बँकेच्याच नोकरीत घेतोय, कायमचं. नाही रंगली तर एजन्सीला दुसरा गार्ड मागावा लागेल. एवढं समजून घ्या."

"समजलं," प्रतापसिंह म्हणाले. कारखाना बंद झाल्यावर घरी बसलेले ते सात महिने त्यांना आठवले. सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून कुठेही न जाण्याचे.

दाराजवळच्या खुर्चीवर गोविंदभाई होता. शेजारी पन्नाशीची एक बाई, डोक्यावरून पदर, मांडीवर कापडी पिशवी. ती बंदुकीकडे बघत नव्हती. प्रतापसिंहांच्या तोंडाकडे बघत होती, सिनेमा सुरू व्हायच्या आधी पडद्याकडे बघावं तशी.

माइक हातात आला. प्रतापसिंहांनी सुरुवात केली. सेहेचाळीस साल, फाल्गुन, ओरसंगची कोतरं, हाकारा. पोरं पुढे सरकली. झुडूप हललं इथपर्यंत आले आणि नेहमीप्रमाणे थांबले. इथं एक पोरगी दरवेळी किंचाळते, तशी एक किंचाळली. बडे साहेब कौतुकानं हसले.

"तो बिबट्या नव्हता," प्रतापसिंह म्हणाले.

माइकमधून त्यांचा आवाज काचेवर जाऊन परत आला.

"माणूस होता. हाकाऱ्यातला. शनाभाई नाव. माझ्या वडिलांच्या हातून, ह्या बंदुकीनं गेला. बिबट्या नव्हताच. तो मागाहून कागदावर तयार केला, आणि कागदावरच मारला."

लक्ष्मीकांत हसत हसत पुढे आला. हा गोष्टीचा नवा पेच असावा अशी त्याला अजून आशा होती. "आणि मग, सरदार? मग खरा बिबट्या मागून आला ना?"

"नाही आला."

"अंकल, एने वाग्यूं?" पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं. त्याला लागलं का.

"हो. सात ठिकाणी. पाठीत."

मुलगी हातातला डबा बघत राहिली. एकेक आई उठू लागली. कोणी गडबड केली नाही, ओरडलं नाही, चपला शोधताना होते तेवढीच खुसपुस. बडे साहेब खुर्चीसकट भिंतीकडे सरकले आणि लक्ष्मीकांतला हळूच विचारलं, "ही तीच बंदूक आहे?" पाच मिनिटांत फुगे आणि गाईच्या कानांचे बिबटे तेवढे उरले.

जशीबेन उठून जवळ आली. उंच होती. "मारा बापा कंई बोल्या हता?"

बापा काही बोलले होते का. प्रतापसिंहांनी सांगितलं. डोकं मांडीवर होतं ते सांगितलं, त्यांनी काय विचारलं ते सांगितलं, आणि आबासाहेबांनी काय उत्तर दिलं तेही.

"गयो, एम कह्यूं?"

"हो. गेला, म्हणाले."

मग भावाकडे वळून तिनं गुजरातीत म्हटलं, बापा भीत भीत नाही गेले मग. गोविंदभाई खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. पन्नास वर्षं मोजलेले दात आता कुठे ठेवावेत हे न कळल्यासारखा.

जशीबेननं प्रतापसिंहांना हात जोडले. प्रतापसिंहांचे दोन्ही हात गुंतलेले होते. त्यांनी मान खाली घातली. मान वर केली तेव्हा काचेचं दार आपोआप मिटत होतं.

"सोमवारपासून नका येऊ," लक्ष्मीकांत म्हणाला. तो रागावलेला नव्हता, थकलेला होता. "पण सरदार, कुणी मागितलं होतं हो हे?"

ते घरी पोचेपर्यंत बातमी एजन्सीत पोचली होती. कोपऱ्यावरच्या पीसीओवाल्यानं हाक मारून निरोप दिला. मालक म्हणतात काळजी करू नका, न्यायमंदिराकडच्या तीन सोन्याच्या दुकानांनी तुम्हालाच मागितलंय. गोष्टवाला नको, माणूस मारलेली बंदूक पाहिजे म्हणतात. निरोप सांगून पीसीओवाला, जो रोज त्यांच्या पाठीवर थाप मारायचा, दोन पावलं मागे सरून उभा राहिला. प्रतापसिंह मान हलवून पुढे चालू लागले. पानं वाजत नव्हती. रस्त्यावरची माणसं बोलता बोलता थांबत होती आणि ते पुढे गेल्यावर पुन्हा बोलत होती.

मथुराबाई दाराकडे तोंड करून बसल्या होत्या.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"कोण कोण होतं त्याचं?"

"मुलगा. आणि मुलगी, ती तेव्हा पोटात होती."

"कुठून आली होती ती?"

"डभोईहून. सकाळच्या गाडीनं."

"उपाशी आली असेल." मथुराबाईंनी पदर सारखा केला. "पाणी तरी विचारलंस का तिला?"

प्रतापसिंहांनी त्यांच्याकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे.

"हातात बंदूक होती, आईसाहेब."